हजार आवाजांचा धनी

निसर्गाने मनुष्याला ज्या देणग्या दिल्या आहेत, त्यांत वाणीची देणगी फार मोठी आहे. आपल्या प्राचीन नाट्यशास्त्राने अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी वाणीने करावयाच्या अभिनयाला वाचिक अभिनय असे म्हणतात. रंगभूमीवरील नटाला वाणीच्या जोडीला चेहऱ्याचे, हातवाऱ्यांचे आणि वेषभूषेचे साहाय्य असते. परंतु ज्याचा चेहरा प्रेक्षकांना दिसतच नाही, ज्याला केवळ कंठाच्या बळावर हसवावयाचे आणि रडवावयाचे असते, त्याचे काम किती कठीण असेल! अशा कामात ज्यांनी आपले उभे आयुष्य वेचले आणि त्या कामाला स्वतंत्र कलेची प्रतिष्ठा मिळवून दिली, त्या मेल ब्लँक या अमेरिकन कलावंताची ही जीवनकथा आहे.

गाजर खात खात शिकाऱ्याची फजिती करणारा बग्ज बनी नावाचा खट्याळ ससा तुमच्यापैकी पुष्कळांनी पडद्यावर पाहिला असेल. तापट डॅफी बदक, अडखळत बोलणारा पोर्की डुक्कर, पिवळाधमक ट्वीटी पक्षी आणि त्याच्या मागावर सदैव टपलेला सिल्व्हेस्टर बोका हेही तुमच्या ओळखीचे असतील. या साऱ्यांचे स्वभाव वेगळे आणि बोलण्याच्या तऱ्हाही वेगळ्या. पण अनेक वर्षे हे सर्वजण एकाच माणसाच्या कंठातून बोलत होते, हे सांगितले तर तुम्हांला नवल वाटेल.

मेल यांचा जन्म ३० मे १९०८ रोजी अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को या शहरी एका ज्यू कुटुंबात झाला. त्यांचे आईवडील स्त्रियांच्या कपड्यांचा व्यापार करीत. मेल लहान असतानाच हे कुटुंब ओरेगन राज्यातील पोर्टलंड या गावी राहावयास गेले. पोर्टलंड हे बंदराचे गाव. तेथे देशोदेशींचे लोक पोटापाण्यासाठी येऊन राहिलेले होते. प्रत्येकाची इंग्रजी बोलण्याची ढब निराळी. कोणी शब्द ओढून बोले, कोणी गिळून बोले, तर कोणी गाणे म्हटल्यासारखे बोले. इतर मुले खेळण्यात दंग असताना मेल मात्र कान टवकारून या बोलण्याचा मागोवा घेई. जेमतेम दहा वर्षांचा असतानाच त्याला या निरनिराळ्या बोलींचा छंद लागला. ऐकलेले बोलणे तो घोळवून घोळवून आपल्या जिभेवर बसवी.

असा मुलगा शाळेत गप्प कसा बसणार? त्याच्या नकलांनी वर्गमित्रांची करमणूक होई. पण गुरुजनांना त्याचा त्रासही होई. त्याच्या शाळेत एक लांबलचक व्हरांडा होता. तेथे मोठ्याने हसले की हसण्याचा प्रतिध्वनी घुमत असे. मेल त्या व्हरांड्यातून धावत जाताना एक चमत्कारिक हास्य करी आणि त्याचा घुमणारा नाद ऐकून खूश होई. हे हास्य शिस्तीला धरून नव्हते, हे खरेच. पण पुढे वीस वर्षांच्या आत तेच हास्य वुडी वुडपेकर नावाच्या सुतारपक्ष्याच्या तोंडून अमेरिकेतील सर्व मुलांनी ऐकले.

याच काळात एक घटना घडली. मेल यांचे आडनाव ब्लँक. इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ कोरा किंवा रिकामा असा होतो. एकदा एका शिक्षकांनी रागाच्या भरात मेलला सांगितले, की तुझ्या हातून आयुष्यात काही एक व्हावयाचे नाही. जसे तुझे नाव तसाच तू कोरा राहणार. हे शब्द त्या मुलाच्या जिव्हारी लागले. त्याने उलट उत्तर दिले नाही. परंतु सोळाव्या वर्षी आपल्या नावातले शेवटचे के हे अक्षर काढून त्या जागी सी हे अक्षर घातले. उच्चार तोच राहिला, पण अर्थ बदलला. ही हकिकत ते स्वतः पुढे सांगत असत. शिक्षकाचा एखादा शब्द मुलाच्या मनात किती खोल रुतून बसतो, हे ज्यांनी शिकविण्यात आयुष्य घालविले त्यांनीही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. मात्र केवळ अक्षर बदलल्याने मनुष्य बदलत नाही. कोऱ्या पाटीवर काय लिहावयाचे, हे त्याला श्रमांनीच ठरवावे लागते.

मेल यांना संगीताचीही गोडी होती. ते व्हायोलिन वाजवीत आणि ट्यूबा नावाचे मोठे पितळी वाद्यही वाजवीत. ऐन तारुण्यात त्यांनी वाद्यवृंदाचे नेतृत्व केले. संगीताच्या या अभ्यासाने त्यांना दोन गोष्टी दिल्या. एक म्हणजे स्वरातील बारीकसा फरक ओळखणारा कान आणि दुसरी म्हणजे श्वासावरील ताबा. पुढे जो व्यवसाय त्यांना करावयाचा होता, त्याची ही पूर्वतयारीच होती.

परंतु तो व्यवसाय तेव्हा अस्तित्वात तरी कोठे होता? त्या काळचे चित्रपट मुके असत. पडद्यावरचे नट ओठ हलवीत आणि त्यांचे बोलणे लिहून दाखविले जाई. वॉर्नर ब्रदर्स या कंपनीचा द जाझ सिंगर हा चित्रपट १९२७ साली झळकला आणि बोलपटांचे युग सुरू झाले. त्याच वर्षी एकोणीस वर्षांच्या मेलने पोर्टलंडच्या नभोवाणी केंद्रावर द हूट आउल्स या विनोदी कार्यक्रमात प्रवेश केला. नभोवाणी हे केवळ आवाजाचे जग. तेथे उंची, रूप आणि पोशाख यांना किंमत नाही. एकच तरुण एकामागून एक अनेक माणसांच्या आवाजात बोलतो, हे पाहून केंद्रातील लोकांचे त्याच्याकडे लक्ष गेले.

१९३२ साली ते नशीब काढण्यासाठी लॉस एंजेलिसला गेले. तेथे त्यांना फारसे यश आले नाही. पण एस्टेल नावाच्या तरुणीशी त्यांची ओळख झाली आणि पुढच्या वर्षी दोघांचा विवाह झाला. पतिपत्नी पोर्टलंडला परतली. तेथील दुसऱ्या एका नभोवाणी केंद्रावर त्यांनी कॉबवेब अँड नट्स हा कार्यक्रम सुरू केला. आठवड्यातील सहा रात्री त्यांना श्रोत्यांना हसवावे लागे. केंद्राजवळ पैसा बेताचाच. इतर नट घेण्याची सोय नव्हती. तेव्हा सारी पात्रे या दोघांनीच उभी करावयाची, असे ठरले. कार्यक्रमात म्हातारा आला की मेल म्हातारे होत. दुकानदार आला की दुकानदार होत. कुत्रे भुंकावयाचे असले तर भुंकतही. जवळजवळ दोन वर्षे हा क्रम चालला. शरीर थकून जाई. परंतु अडचणीने जे शिकविले, ते कोणत्याही नाट्यशाळेत शिकावयास मिळाले नसते.

एस्टेल यांच्या आग्रहामुळे १९३५ साली हे जोडपे पुन्हा लॉस एंजेलिसला आले. हॉलिवूड तेथेच होते. लिऑन श्लेसिंजर यांच्या चित्रशाळेत वॉर्नर ब्रदर्ससाठी व्यंगचित्रपट तयार होत असत. तेथील कलावंतांच्या एका तुकडीला काम करण्यासाठी एक जुनाट लाकडी घर मिळाले होते, आणि तिथली मंडळी थट्टेने त्याला वाळवीचे घर म्हणत. आपल्या आवाजाला खरे स्थान येथेच मिळेल, असे मेल यांच्या मनाने घेतले. ते तेथे गेले आणि आपले आवाज ऐकावेत अशी त्यांनी विनंती केली. आवाजांची निवड करणाऱ्या अधिकाऱ्याने त्यांना सांगितले, की आम्हांला लागतील तेवढे आवाज आमच्यापाशी आहेत. एवढे बोलून त्याने दार लावून घेतले. मेल यांचा आवाज त्याने ऐकलासुद्धा नाही.

दोन आठवड्यांनी मेल पुन्हा त्या दारात उभे राहिले. उत्तर तेच मिळाले. पुन्हा दोन आठवडे गेले, पुन्हा तेच. असे सुमारे दीड वर्ष चालले, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. घरी तरुण पत्नी, हाती नभोवाणीवरील तुटपुंजे काम आणि समोर बंद दार! दुसरा एखादा असता तर खचून गेला असता किंवा त्या अधिकाऱ्याशी भांडून बसला असता. मेल यांनी यांतले काहीच केले नाही. ते मिळेल ते काम करीत राहिले आणि ठरल्या दिवशी दाराशी जात राहिले. अखेर १९३६ सालच्या अखेरीस एके दिवशी त्या जागेवर ट्रेग ब्राउन हे दुसरे गृहस्थ दिसले. त्यांनी मेल यांचे आवाज ऐकून घेतले, ते पोट धरून हसले आणि त्यांनी आपल्या दिग्दर्शकांना बोलावून आणले. त्यांपैकी एकाने विचारले, की दारू पिऊन झिंगलेला बैल कसा बोलेल? असा प्रश्न यापूर्वी कोणी ऐकला असेल काय! मेल यांनी क्षणभर विचार केला आणि बैल बोलू लागला. १९३७ सालच्या पिकाडोर पोर्की या चित्रपटात तो बैल अवतरला. मेल यांचे हे तेथील पहिले काम.

लवकरच पोर्की डुकराचा आवाजही त्यांच्याकडे आला. त्यापूर्वी ज्या नटाचा आवाज घेतला जाई, त्याला बोलताना खरोखरीच अडखळण्याची व्याधी होती. बोलणे त्याच्या स्वाधीन नसल्याने ध्वनिमुद्रणाला फार वेळ लागे. मेल यांनी अडखळण्याला ताल दिला. कोठे थांबावयाचे, कोणता शब्द टाकून दुसरा घ्यावयाचा, हे त्यांनी गायकाप्रमाणे मोजून ठरविले. डुकरे कशी हुंकारतात हे ऐकण्यासाठी ते वराहपालनाच्या वाडीवरही जाऊन आले, असे सांगतात. त्याच वर्षी डॅफी बदकाचा जन्म झाला. १९४० साली ए वाइल्ड हेअर या चित्रपटात बग्ज बनी आपल्या पूर्ण रूपात अवतरला. हा ससा धीट, हजरजबाबी आणि थोडासा उद्धट. तेव्हा न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन आणि ब्राँक्स या दोन भागांतील बोलींचे मिश्रण करून मेल यांनी त्याची वाणी घडविली.

व्यंगचित्रपटाला आवाज कसा देतात, हे येथे थोडक्यात सांगितले पाहिजे. पडद्यावर एका सेकंदात २४ चौकटी सरकतात, म्हणून चित्रे हलल्यासारखी भासतात. ही चित्रे काढण्यापूर्वीच संवादांचे ध्वनिमुद्रण होते आणि मग चित्रकार त्या बोलण्याला जुळतील अशा ओठांच्या हालचाली काढतात. म्हणजे मेल यांच्यापुढे बोलणारा ससा नसे. काही कच्ची रेखाटने आणि कागदावरचे संवाद एवढेच असत. सशाची ऐट त्यांना मनात पाहावी लागे. कधीकधी यंत्राचेही साहाय्य घेत. मुद्रित केलेला आवाज अधिक वेगाने वाजविला की तो बारीक होतो. डॅफी बदक आणि सिल्व्हेस्टर बोका यांचे आवाज मुळात एकमेकांच्या जवळचे; परंतु बदकाचा आवाज वेग वाढवून बारीक केलेला असे. गाजराचा प्रश्न मात्र यंत्राने सुटला नाही. गाजर मोडण्याचा आवाज दुसऱ्या कोणत्याही भाजीने हुबेहूब निघेना. म्हणून मेल गाजरच चावीत, लगेच मुद्रण थांबवीत, तोंडातला तुकडा टोपलीत टाकीत आणि मग पुढचे वाक्य बोलत. योसेमिटी सॅम या आरडाओरडा करणाऱ्या पात्राचे बोलणे तर त्यांच्या घशाची परीक्षाच पाही.

कधी श्रम वायाही जात. १९४० साली प्रकाशित झालेल्या वॉल्ट डिस्ने यांच्या पिनोकिओ या चित्रपटासाठी त्यांनी गिडिअन नावाच्या मांजराचे सारे संवाद म्हटले होते. नंतर ते मांजर मुकेच ठेवावे असे ठरले आणि सगळे बोलणे काढून टाकण्यात आले. उरली ती फक्त एक उचकी! तसेच १९४६ साली त्यांच्या स्वतःच्या नावाने सुरू झालेला नभोवाणीवरील कार्यक्रम वर्षाच्या आतच बंद पडला. मेल यांनी ही अपयशे हसून पचविली.

या काळात एक उणीव मात्र त्यांना सलत होती. चित्रपटाच्या प्रारंभी दिग्दर्शक, चित्रकार, संगीतकार यांची नावे पडद्यावर येत. परंतु आवाज देणाऱ्याचे नाव येत नसे. लोक सशावर प्रेम करीत, पण सशाचा आवाज कोणाचा, हे त्यांना ठाऊक नसे. एकदा मेल यांनी श्लेसिंजर यांच्याकडे पगारवाढ मागितली. श्लेसिंजर हे पैशाच्या बाबतीत हात आखडता घेणारे. त्यांनी नकार दिला. तेव्हा मेल म्हणाले, की पैसा देता येत नसेल तर निदान माझे नाव तरी पडद्यावर द्या. नाव देण्याला काही खर्च पडत नव्हता. मालकांनी ते मान्य केले. १९४४ च्या सुमारास मेल ब्लँक हे नाव पडद्यावर झळकू लागले. ज्या नावाची एका वर्गात हेटाळणी झाली होती, ते आता गावोगावच्या चित्रपटगृहांत मोठ्या अक्षरांत दिसू लागले. त्याचा लाभही झाला. नभोवाणीवरची कितीतरी नवी कामे त्यांच्याकडे चालून आली. मात्र येथे हेही सांगितले पाहिजे, की त्या चित्रपटांत आर्थर क्यू. ब्रायन, बीआ बेनाडेरेट, जून फोरे यांच्यासारखे दुसरे गुणी कलावंतही आवाज देत. त्यांची नावे पुष्कळ वर्षे अंधारातच राहिली. न्याय एकाला मिळाला, म्हणजे तो सर्वांना मिळाला असे होत नाही.

जॅक बेनी या प्रसिद्ध विनोदवीराच्या नभोवाणी कार्यक्रमातही मेल काम करीत. त्यात बेनी यांच्या जुन्या खटारा मोटारीचा आवाज एका ध्वनिमुद्रिकेवरून वाजवीत असत. एकदा ऐन वेळी ती मुद्रिका सुरूच झाली नाही. कार्यक्रम तर हवेत चाललेला. क्षणाचाही विलंब न लावता मेल ध्वनिक्षेपकापाशी धावले आणि खोकणारी, शिंकणारी, धापा टाकून बंद पडणारी मोटार त्यांनी तोंडाने उभी केली. श्रोत्यांना ती इतकी आवडली, की पुढे ती मोटार त्यांच्याच तोंडून चालू लागली.

२४ जानेवारी १९६१ रोजी मेल यांच्यावर मोठे संकट कोसळले. लॉस एंजेलिसमधील सनसेट बुलेव्हार्ड या रस्त्यावरील एका धोक्याच्या वळणावर त्यांच्या मोटारीची समोरून येणाऱ्या मोटारीशी टक्कर झाली. त्यांचे पाय मोडले, कंबरेचे हाड मोडले आणि मस्तकाला जबर मार बसला. सुमारे दोन आठवडे ते बेशुद्ध होते. पत्नी आणि मुलगा नोएल उशाशी बसून त्यांना हाका मारीत. परंतु ओ येत नसे. अखेर एका डॉक्टरांना युक्ती सुचली. त्यांनी मेल यांना हाक न मारता बग्ज बनीला हाक मारली आणि आज प्रकृती कशी आहे, असे विचारले. थोडा वेळ शांतता पसरली. मग त्या निश्चल देहातून क्षीण स्वरात उत्तर आले, आणि ते सशाच्या आवाजात होते! पुढे डॉक्टरांनी ट्वीटीला विचारले, तर ट्वीटीनेही उत्तर दिले. वर्षानुवर्षे घोटून घोटून जे अंगी मुरले होते, ते बेशुद्धीतही जागे राहिले होते.

त्या वेळी दूरचित्रवाणीवर फ्लिंटस्टोन्स ही मालिका चालू होती आणि तीत बार्नी या पात्राला मेल आवाज देत. ते रुग्णालयात असताना काही भागांपुरता डॉज बटलर या त्यांच्या सहकाऱ्याने तो आवाज सांभाळला. मेल घरी आले तेव्हा त्यांचे जवळजवळ सर्व शरीर प्लास्टरमध्ये जखडलेले होते. तरीही ध्वनिमुद्रणाची यंत्रे त्यांच्या शय्येपाशी आणण्यात आली. इतर नट भोवती बसत, ध्वनिक्षेपक वरून तोंडाशी टांगलेला असे आणि उठून बसताही न येणारा हा कलावंत बार्नीच्या आवाजात खळखळून हसे. हळूहळू ते बरे झाले. पुढे त्यांनी मुलाच्या साहाय्याने आपली स्वतःची संस्था काढली आणि म्हातारपणीही ते काम करीत राहिले.

त्यांच्यात दोष नव्हते असे नाही. अगदी लहान वयात त्यांना धूम्रपानाची सवय जडली आणि ती उतारवयापर्यंत सुटली नाही. ज्या श्वासाच्या बळावर त्यांनी एवढी कीर्ती मिळविली, त्याच श्वासाला या सवयीने ग्रासले. फुप्फुसांच्या विकाराने त्यांना फार त्रास दिला. १० जुलै १९८९ रोजी वयाच्या ८१ व्या वर्षी लॉस एंजेलिस येथे त्यांचे निधन झाले. व्यंगचित्रपटाच्या शेवटी पोर्की डुक्कर प्रेक्षकांचा ज्या शब्दांनी निरोप घेतो, तेच शब्द त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांच्या समाधीच्या दगडावर कोरण्यात आले. त्या दगडापाशी गेलेला मनुष्यही क्षणभर हसतो.

लोक त्यांना हजार आवाजांचा माणूस म्हणत. परंतु ते हजार आवाज त्यांना एका रात्रीत सापडले नव्हते. लहानपणी त्यांनी कान उघडे ठेवले; तारुण्यात अडचणीलाच गुरू केले; आणि बंद दारासमोर दीड वर्ष उभे राहूनही मन कडू होऊ दिले नाही. मुलांनो, तुमच्या वर्गातही एखादा नकला करणारा मुलगा किंवा मुलगी असेल. त्याच्या नकलेला हसा. पण ती बेतण्यासाठी त्याने किती लक्षपूर्वक ऐकले असेल, याचाही विचार करा.